प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी आनंदनगरी : कुत्र्यांची भीती असणाऱ्याने तयारीत कोणते काम घ्यावे?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. मी लातूरमध्ये एका पतसंस्थेत लेखनिक आहे. आमच्या भागात जखमी व बेवारस जनावरांसाठी निवारा चालवणारी एक नोंदणीकृत संस्था आहे. रस्त्यावर वाहनाखाली सापडलेली कुत्री, कठडा नसलेल्या विहिरीत पडलेली वासरे, मालकाने सोडून दिलेली भाकड गुरे असे सारे तेथे येत असते. दरवर्षी १४ ते ३१ जानेवारी हा काळ प्राणी कल्याण पंधरवडा म्हणून पाळला जातो. त्याचे निमित्त साधून त्यातील एका रविवारी शाळेच्या मैदानावर आनंदनगरी भरवावी आणि औषधपाण्यासाठी व पत्र्याच्या नव्या शेडसाठी निधी उभा करावा, असे संस्थेने ठरवले आहे. शेजारच्या काकू तेथे नियमित जातात. त्यांनी मला न विचारताच तयारीच्या यादीत माझे नाव लिहून दिले. मला त्याचा राग आलेला नाही, कारण काहीतरी हातभार लावावा असे मनात होतेच.

अडचण अशी आहे की मला लहानपणापासून कुत्र्यांची भीती वाटते. अंगणात कुत्रे आले तरी मी दार लावून घेते. अशा व्यक्तीने प्राण्यांच्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जाणे हा ढोंगीपणा तर ठरणार नाही ना, असे वाटत राहते. शिवाय मला संध्याकाळी सहानंतर आणि रविवारीच वेळ मिळतो. मुलगी दहावीला असल्याने रात्री उशिरापर्यंत थांबणे मला जमणार नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. मागे एका वेगळ्या मंडळाच्या कार्यक्रमासाठी मी तिकिटे विकायला घेतली होती आणि जी विकली गेली नाहीत त्यांचे पैसे शेवटी मला पदरचे भरावे लागले. तेव्हापासून ओळखीच्या माणसांकडे पैसे मागण्याचा मला फार संकोच वाटतो. तयारीच्या काळात नेमकी कोणकोणती कामे निघतात, पहिल्या बैठकीत मी काय विचारून घ्यावे, आणि पैशांच्या व्यवहारात हात घालताना कोणती काळजी घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास उपकार होतील.

गोदाकाठ (नांदेड)

ताई, ढोंगीपणाचा विचार प्रथम मनातून काढून टाका. निवाऱ्यात जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, पिंजरे साफ करणे ही कामे करणारी माणसे ठरलेली असतात आणि ती बहुधा दमलेली असतात. त्यांना आनंदनगरीच्या तयारीतून मोकळे ठेवणे हीच खरी मदत आहे. आमच्याकडे हिवाळ्यात असा कार्यक्रम होतो. ज्या बाई त्याचा सगळा पत्रव्यवहार सांभाळतात, त्या मांजरालाही हात लावत नाहीत. त्यावरून त्यांना कोणी कधी बोल लावलेला नाही.

पहिल्या बैठकीला जाताना मात्र ‘मी लागेल ती मदत करीन’ असे म्हणू नका. हे वाक्य ऐकायला गोड असले तरी आयोजकाच्या काहीच उपयोगाचे नसते, कारण अशी दहा माणसे मिळाली की शेवटच्या दिवशी दहाही जण मंडपात उभे राहून ‘आता काय करू?’ असे विचारत असतात. तुमचा वेळ किती, रात्री किती वाजता निघावे लागते आणि कोणते एक काम तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊ शकता, हे सांगून टाका. पतसंस्थेतील माणूस म्हटल्यावर माझ्या मते ते काम एकच आहे, आणि ते म्हणजे कूपन.

हे जरा सविस्तर लिहितो, कारण आनंदनगरीत पैसा गळतो तो येथेच. प्रत्येक गाळ्यावर रोख पैसे घेतले, तर रात्री पंधरा गल्ल्यांतील चिल्लर मोजायची वेळ येते आणि कोणाचाही हिशेब जुळत नाही. त्याऐवजी प्रवेशद्वाराशी एकच खिडकी ठेवावी, तेथे दहा, वीस आणि पन्नास रुपयांची कूपने विकावीत आणि आत भेळेपासून झोक्यापर्यंत सारे काही फक्त कूपनावर द्यावे. प्रत्येक किमतीच्या कूपनाचा कागद वेगळ्या रंगाचा घ्या. त्यावर अनुक्रमांक छापून घ्या आणि आदल्या रात्री संस्थेचा शिक्का व एक आद्याक्षरी सही करून ठेवा. शिक्का जांभळ्या शाईचा असावा. काळ्या शाईचा असला तर कूपनाची झेरॉक्स काढलेली ओळखू येत नाही, आणि शाळेच्या मैदानावर हुशार लेकरांची कमतरता नसते. शंभर-शंभर कूपनांच्या गड्ड्या बांधून, कोणती गड्डी कोणाला दिली हे वहीत लिहा. त्याच वहीत ‘परत आलेली’ असा एक रकाना आखा आणि परत घेताना समोरच्या माणसाची सही घ्या. न विकलेल्या तिकिटांचे पैसे तुम्हाला का भरावे लागले, याचे कारण बहुधा त्या मंडळाच्या वहीत हा रकानाच नव्हता. विकले न गेलेले कूपन म्हणजे कागद, त्याचे देणे विकणाऱ्यावर लागत नाही, हे बैठकीतच सर्वांसमोर वदवून घ्या.

पैसे मागण्याचा संकोच असेल तर पैसे मागूच नका, वस्तू मागा. गंजगोलाई बाजारपेठेतील दुकानदार गणपती, नवरात्र, शिवजयंती, महापुरुषांच्या जयंत्या अशी वर्षभर वर्गणी देऊन वैतागलेला असतो. पण त्याच दुकानदाराला संस्थेचे पत्र दाखवून ‘एक तेलाचा डबा’ किंवा ‘पाच किलो साखर’ म्हटले की तो बहुतेक वेळा नाही म्हणत नाही, कारण त्याला ती वस्तू खरेदीच्या भावात पडते आणि गाळ्यावर त्याच्या दुकानाच्या नावाची पाटी लागते. दोघांनी मिळून जावे, पत्र लेटरहेडवर असावे, त्यावर नोंदणी क्रमांक असावा, आणि बोहनीच्या वेळी चुकूनही जाऊ नये. मार्केट यार्डातील आडत्यांकडे जायचे असेल तर सौद्याची वेळ टाळून, हिशेबपट्ट्या लिहून झाल्यावर जावे.

तारीख पंधरवड्यात ठरली आहे ते चांगले. फक्त वेळ अमावास्येच्या पुढच्या-मागच्या दिवसांत तयारीची बैठक ठेवू नका. येळवसीला, म्हणजे याच वेळ अमावास्येला, सारे शेतावर गेल्याने लातूर ओस पडते, हे मी नांदेडकराने लातूरकरांना सांगायला नको. आणि बारावीची मुले स्वयंसेवक म्हणून घेऊ नका, कारण फेब्रुवारीत परीक्षा सुरू झाल्यावर त्यांचे पालक तुमच्या नावाने बोटे मोडतील. शिकवणीसाठी लातुरात राहणारी अकरावीची मुले मात्र आनंदाने येतात आणि घरापासून दूर असल्याने मनापासून राबतात.

जानेवारीत हुरडा असतो, तेव्हा हुरड्याचा गाळा ठेवाच. ज्वारीची कोवळी कणसे, गोवऱ्यांची आगटी, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही एवढे असले की गर्दी तेथेच होते. मात्र आगटीसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, खाली वाळू पसरा आणि पाण्याची एक टाकी जवळ ठेवा. थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून पळसाच्या पत्रावळींची मागणी वेळेवर नोंदवा. हे काम किरकोळ वाटते, म्हणूनच ते नेहमी राहून जाते.

खतावणी (छत्रपती संभाजीनगर)

वरील प्रतिसादात कूपनाबद्दल लिहिले आहे ते योग्यच आहे. मी सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासण्याचे काम करतो, त्यामुळे पावत्यांबद्दल थोडे लिहितो.

संस्था ‘नोंदणीकृत’ आहे असे आपण म्हणता, तेव्हा ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदलेली आहे का, हे विचारा आणि क्रमांक लिहून घ्या. तशी नोंद नसलेल्या गटाला लोकांकडून धर्मादाय कारणासाठी पैसे गोळा करायचे असतील, तर गणेश मंडळे घेतात त्याप्रमाणे कलम ४१ क अन्वये त्या कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. जी संस्था हे कागद विचारल्यावर खुशीने दाखवते, तिच्याच कामात पडावे.

दुसरी गोष्ट म्हणजे, मेळ्यात आलेला पैसा तीन प्रकारचा असतो आणि तो तीन ठिकाणी लिहावा लागतो. कोणी भेळ खाल्ली, पणत्या विकत घेतल्या, तर ती खरेदी झाली. त्याला देणगीची पावती मिळत नाही, आणि गाळ्यावरचा उत्साही मुलगा ‘याची करसवलत मिळेल’ असे सांगत असेल तर त्याला तेथेच थांबवा. कोणी तेलाचा डबा दिला, तर ती वस्तुरूप देणगी झाली. तिची पोच जरूर द्यावी, पण तिच्यावर देणगीदाराला आयकरात मिळणारी कलम ८०जीची वजावट मिळत नाही. कोणी रक्कम दिली आणि संस्थेला ८०जीची मान्यता असली, तरच वजावटीचा प्रश्न येतो. त्यातही २,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिली तर वजावट मिळत नाही, म्हणून मोठ्या देणगीदाराला धनादेश किंवा ऑनलाइन भरण्याचा आग्रह करावा. नव्या करपद्धतीत गेलेल्या माणसाला ८०जीचा लाभ नाही, हेही त्याने विचारल्यास स्पष्ट सांगावे.

संस्थेला दरवर्षी ३१ मेपर्यंत देणगीदारांचे विवरण आयकर विभागाकडे भरावे लागते आणि ते भरले म्हणजेच देणगीदाराला प्रमाणपत्र मिळते. त्यात नाव, पत्ता आणि पॅन किंवा आधार क्रमांक लागतो. ‘काका, जुना औसा रोड’ असे लिहिलेल्या पावत्या घेऊन दरवर्षी मे महिन्यात आमच्याकडे लोक येतात आणि मग त्या काकांचा शोध सुरू होतो. पावती लिहायला सुवाच्य अक्षराचा माणूस बसवणे हे पताका लावण्यापेक्षा महत्त्वाचे काम आहे, आणि ताई, ते आपल्यासारख्या लेखनिकालाच साधेल.

मैदानावर लावायच्या क्यूआर कोडबद्दल मी फार आग्रही आहे. कोड संस्थेच्या बँक खात्याचाच असावा. आदल्या दिवशी आपल्या फोनवरून एक रुपया पाठवून पाहा आणि पडद्यावर संस्थेचे नाव उमटते की एखाद्या पदाधिकाऱ्याचे, हे तपासा. ‘संस्थेचे खाते चालू व्हायला वेळ लागतोय, तोवर माझ्या नंबरवर घेऊ’ असे कोणी म्हटले, तर त्या माणसाची नियत स्वच्छ असली तरी नाही म्हणा. पुढे त्याच्या खात्यात आलेली रक्कम कोणाची, हे सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावरच येते.

रात्री रोकड मोजताना दोन माणसे असावीत आणि ती एकाच घरातील नसावीत. नोटांची मूल्यवार यादी करून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि रक्कम दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी बँकेत भरावी. मंडपवाल्याचे, चहावाल्याचे पैसे त्या रोकडीतून भागवू नयेत. आधी सारे जमा दाखवून मग खर्च धनादेशाने द्यावा. हे जाचक वाटते, पण हिशेब विचारायला येणारा पहिला माणूस बहुधा आपल्यातलाच असतो.

मांजराकाठ (लातूर)

दोघांचेही मनापासून आभार. काल बैठक झाली. कूपन आणि पावती या दोन्ही खिडक्यांची जबाबदारी मी मागून घेतली आणि ‘परत आलेली’ या रकान्याचे बोलणेही सर्वांसमोर झाले. बैठकीत दोन मुद्दे निघाले. एक म्हणजे, पन्नास रुपयांच्या तिकिटावर सोडत काढून पहिल्या क्रमांकाला शिलाई यंत्र द्यावे, अशी सूचना आली आणि ती बहुतेकांना आवडली. दुसरे म्हणजे, अध्यक्षांचा भाचा अमेरिकेत असतो आणि तो शेडचा बराचसा खर्च एकटा उचलायला तयार आहे. खतावणी सर, यात काही अडचण आहे का? रविवारी सकाळी निवाऱ्यातील काही पिले मैदानावर आणून दत्तक द्यायचाही विचार आहे. तो ऐकून माझ्या पोटात गोळा आला, पण ते माझ्या भीतीमुळे की खरेच ते अयोग्य आहे, हे मला कळत नाही.

खतावणी (छत्रपती संभाजीनगर)

सोडत काढू नये. पैसे घेऊन तिकीट द्यायचे आणि बक्षीस नशिबावर सोडायचे, याला कायदा लॉटरी म्हणतो, मग हेतू कितीही चांगला असो. शिलाई यंत्र दान म्हणून मिळाले असेल तर त्याचा जाहीर लिलाव करा. गावच्या यात्रेत नारळाचा लिलाव होतो, त्यामुळे बोली लावणे आपल्या लोकांना नवे नाही, आणि मागे हटायचे नाही म्हणून दोन व्यापारी अडून बसले की बोली कोठल्या कोठे जाते.

भाच्याच्या बाबतीत एकच प्रश्न विचारा : त्याच्याकडे पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे? तो भारताचा नागरिक असेल आणि आपल्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने रक्कम पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे) असले तरी ती विदेशी देणगी ठरते. ती घेण्यासाठी संस्थेची २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते आणि रक्कम प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील नेमून दिलेल्या खात्यातच यावी लागते. लहान संस्थांची अशी नोंदणी सहसा नसते. अशा वेळी त्याने ती रक्कम लातुरातील आईवडिलांच्या खात्यातून वळवून द्यावी, असा ‘तोडगा’ कोणी सुचवला तर त्यालाही नकार द्या.

रवंथ (उदगीर)

ताई, मी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. पिलांच्या बाबतीत तुमच्या पोटात आलेला गोळा अगदी योग्य आहे.

पिलांना गॅस्ट्रो (म्हणजेच पार्व्हो) आणि डिस्टेंपर या रोगांविरुद्धची पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात, पुढे बूस्टर लागतात, आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. हे पूर्ण होण्यापूर्वी पिलू गर्दीत, शेकडो लोकांच्या हातांतून आणि मातीवरून फिरवले, तर पार्व्हो होण्याचा धोका फार मोठा असतो. या रोगात पिलू रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत दगावू शकते, आणि त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यात ध्वनिक्षेपक, फटाके आणि गाल ओढणारी लेकरे आली की घाबरलेले पिलू चावते. मग ‘प्राणिमित्रांच्या कार्यक्रमात कुत्रे चावले’ एवढीच बातमी उरते. मैदानावर फक्त फोटो आणि अर्ज ठेवा. ज्याला पिलू हवे असेल त्याने नाव नोंदवावे, संस्थेने त्याचे घर पाहावे आणि पिलू निवाऱ्यातूनच न्यावे. मेळ्याच्या उत्साहात नेलेले पिलू चार दिवसांनी परत आणून सोडणारे लोक आम्ही नेहमी पाहतो. कोणी घोडा किंवा पोपट आणून लेकरांची करमणूक करायचे सुचवले, तर तेही नको. देशी पोपट पाळणे हाच मुळात वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

फोटोंविषयीही एक विनंती करतो. अळ्या पडलेल्या जखमेचा फोटो फलकावर लावला की दया येईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात लेकरे घेऊन आलेली आई मान वळवून पुढे निघून जाते. त्याच जनावराचा बरे झाल्यानंतरचा फोटो मोठा लावा आणि खाली त्याच्या उपचाराला किती खर्च आला ते लिहा.

आता वस्तूंबद्दल लिहितो. ‘प्राण्यांसाठी वस्तू आणा’ असे आवाहन केले की बिस्किटांचे पुडे येऊन पडतात. कुत्र्यांना बिस्किटांचा काही उपयोग नाही, उलट गोड बिस्किटे आणि चॉकलेट त्यांना बाधते. कांदा, लसूण आणि मनुकेही चालत नाहीत, तेव्हा गाळ्यांवरचे उरलेले खाणे निवाऱ्यात पाठवू नका. मागायचेच असेल तर बारदान, जुन्या सुती चादरी, वर्तमानपत्रांची रद्दी, स्टीलच्या पराती, तांदूळ आणि ब्लीचिंग पावडर मागा. फिनाईल मागू नका, कारण निवाऱ्यात मांजरे असतील तर त्यांना ते विषारी ठरू शकते. घरातील उरलेल्या गोळ्या कोणी आणल्या तर त्या वेगळ्या ठेवून डॉक्टरांनाच द्या. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, हे देणाऱ्याला माहीत नसते.

तयारीत कागदोपत्री काम करणाऱ्यांना रेबीजची प्रतिबंधक लस घेण्याची गरज नाही. जे रोज जनावरे हाताळतात त्यांनी मात्र ती आधीच घेतलेली असावी. दुर्दैवाने कोणाला चावा किंवा ओरखडा झालाच, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नये.

तेरणा (धाराशिव)

सर्वांचे वाचले. थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. एका रविवारच्या आनंदनगरीतून येणारा पैसा मंडप, ध्वनिक्षेपक आणि छपाई वजा जाता फार उरत नाही, असे मी पाहत आलो आहे. शहरातील अशा कार्यक्रमांच्या फलकांवर फक्त कुत्र्या-मांजरांची छायाचित्रे असतात आणि मग ‘खेड्यातील लोक का येत नाहीत’ अशी तक्रार होते. ज्याच्या गोठ्यात देवणी किंवा लाल कंधारी जातीची गाय आहे, ज्याने २०२२ मध्ये लम्पी आजारात डोळ्यांदेखत जनावर गमावले आहे, ज्याने दुष्काळात चारा छावणीत रात्री काढल्या आहेत, त्याला प्राण्यांची कळकळ शिकवावी लागत नाही. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यातील शब्बीर सय्यद यांना गुरे सांभाळण्याच्या कार्यासाठी २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, ती कोणत्याही मेळ्यामुळे नव्हे. दरमहा ठरावीक रक्कम देणारी पन्नास घरे मिळाली तर निवारा चालतो, आणि या धडपडीची गरज राहत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

तेरणा दादा, दरमहा देणाऱ्या घरांचा मुद्दा मान्य आहे, पण ती पन्नास घरे मिळायची कोठे? आनंदनगरीला आलेल्या माणसांतूनच ती मिळतात. म्हणून ताईंच्या पावती खिडकीवर ‘दरमहा देऊ इच्छितो’ असा एक साधा छापील अर्ज ठेवावा आणि फोन करण्यासाठी नंतर कोणालातरी नेमावे. मंडपाच्या खर्चाबद्दल मात्र मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. शाळेच्या मैदानाला झाडे असतील तर मंडप घालूच नये, जानेवारीत उन्हाचा त्रास नसतो. ध्वनिक्षेपकही भाड्याचा नको, शाळेचाच पुरतो. तो लावायला पोलिसांची परवानगी तेवढी घ्यावी.

खेड्यातील लोकांकडून रोख पैसे मागू नका, कडबा मागा. फक्त एक लक्षात ठेवा : रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, जानेवारीत शेतकऱ्याकडे नवा कडबा नसतो. आनंदनगरीत त्याचा शब्द घ्या, वहीत नाव, गाव आणि किती शेकडा पेंढ्या देणार ते लिहून ठेवा आणि खळे झाल्यावर ट्रॅक्टर पाठवा. उन्हाळ्यात कडब्याचा भाव चढतो तेव्हा निवाऱ्याला याच पेंढ्यांचा मोठा आधार होतो. ट्रॅक्टरचे डिझेल कोणी भरायचे, हे मात्र शब्द घेतानाच ठरवा.

मांजराकाठ (लातूर)

पिले मैदानावर आणायची नाहीत, हे रवंथ यांचे उत्तर वाचून दाखवल्यावर सर्वांनी मान्य केले. भाच्याकडे भारताचाच पासपोर्ट आहे, तेव्हा तो प्रश्न सुटला. सोडतीऐवजी लिलाव ठरला आहे. कडब्याच्या वहीची सूचना काकूंना इतकी आवडली की त्यांनी औसा आणि निलंगा तालुक्यांतील आपल्या माहेरच्या गावांची यादी आजच लिहायला घेतली. माझा शेवटचा प्रश्न असा : कूपन खिडकीवर सुरुवातीला सुटे पैसे किती ठेवावेत?

खतावणी (छत्रपती संभाजीनगर)

बहुतेक जण ऑनलाइनच पैसे देतील, तरी दहा आणि वीसच्या नोटा मिळून तीन हजार रुपये ठेवा. शुक्रवारीच आपल्या पतसंस्थेतून बदलून घ्या, शनिवारवर ठेवू नका. ही रक्कम संस्थेच्या खात्यातून काढलेली असावी, आपल्या पर्समधील नसावी, आणि वहीच्या पहिल्या ओळीत ‘सुरुवातीची शिल्लक’ म्हणून लिहिलेली असावी. रात्री मोजणी करताना ती आधी बाजूला काढा आणि मगच विक्रीचा आकडा धरा.